जुन्या मशिनचं हार्डवेअर डिकोडिंग लिनक्सवर टिकवायचं कसं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत आधार संपला. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३-आय५ डेस्कटॉपला विंडोज ११ घेत नाही, म्हणून अशी मशिनं आता लिनक्सवर येतात. नाशिकमधल्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये कॅमेरे बघायला, कॉलेज रोडच्या क्लासमध्ये लेक्चरचे व्हिडिओ लावायला किंवा घरी टीव्हीला जोडायला त्यांच्यात अजून भरपूर जीव आहे. फक्त व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरवर न पडता ग्राफिक्स चिपमधल्या खास भागाकडे जायला हवं; यालाच हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात. तसं झालं नाही की १०८०पी च्या साध्या क्लिपलाही सगळे कोअर कामाला लागतात आणि पंखा ओरडायला लागतो. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात, धूळ भरलेल्या हीटसिंकवर तर प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो आणि चित्र अडखळतं.

चिप सहसा बिघडलेली नसते. बंद पडतं ते तिच्यापर्यंत पोचणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या चार कड्या आहेत: कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, चिपला लागणारं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम), व्हीए-एपीआय किंवा व्हीडीपाऊचा (प्लेअरने चिपकडून डिकोडिंग करून घ्यायच्या या दोन पद्धती) ड्रायव्हर, आणि शेवटी प्लेअर किंवा ब्राउझर. प्रत्येक कडी सांभाळणारी माणसं वेगळी आणि प्रत्येकीचं वय वेगळं. म्हणून काल चालणारं मशिन अपडेटनंतर आज रडतं, तेव्हा नेमकी कोणती कडी सुटली हे आधी शोधायचं. सगळी सिस्टिम नव्याने टाकणं हा उपाय नव्हे.

खालच्या पायऱ्या डेबियन, उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या वितरणांना (तयार संचांना) धरून आहेत. कमांड आणि पॅकेजची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा; मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. हायफन इथे आहे तिथे तिथेही आहे.

आधी चिप ओळखा

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएन’ चालवा आणि व्हीजीए लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात दोन भागांचा आकडा असतो. पहिला भाग कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. दुसरा भाग चिपचा. उदाहरणार्थ ८०८६:०१०२ म्हणजे सँडी ब्रिजचं (इंटेल कोअरची दुसरी पिढी) एचडी २०००, ८०८६:०१५२ म्हणजे आयव्ही ब्रिजचं (तिसरी पिढी) एचडी २५००, ८०८६:२ई३२ म्हणजे जी४१ चिपसेट, ८०८६:२ए४२ म्हणजे लॅपटॉपमधलं जीएम४५. मशिनवरच्या स्टिकरवर जाऊ नका. सेकंडहँड बाजारात डबा एका पिढीचा आणि मदरबोर्ड दुसऱ्या पिढीचा असं सर्रास चालतं.

आता चिपला मुळात काय येतं, म्हणजे कोणते कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) ती उलगडते, ते बघा. जी४१ आणि जी४५ वर लिनक्सच्या मुख्य ड्रायव्हरमध्ये फक्त एमपेग-२ चालतं. डीव्हीडी आणि डीडी फ्री डिशवरचे एमपेग-२ चॅनेल ट्यूनर कार्डावर बघायला ते पुरतं. यूट्यूबसाठी काही कामाचं नाही. २०१० च्या पहिल्या पिढीच्या कोअरपासून, म्हणजे आयर्नलेकपासून, एच.२६४ मिळतं. सँडी ब्रिजमध्ये (२०११) एच.२६४ डिकोडसोबत एन्कोडही आलं आणि व्हीसी-१ ही. ब्रॉडवेलमध्ये (पाचवी पिढी) व्हीपी८, स्कायलेकमध्ये (२०१५) ८ बिट एच.२६५, आणि केबी लेकपासून १० बिट एच.२६५ व व्हीपी९. यापलीकडे कुठलाही ड्रायव्हर टाकून चिपला नवा कोडेक शिकवता येत नाही. सँडी ब्रिजवर एच.२६५ चालवून दाखवतो असं कुणी म्हणालं, तर तो प्रोसेसरवरच चालवणार आहे.

जीएमए ५०० आणि जीएमए ३६०० असलेल्या ॲटम नेटबुकचा मात्र नाद सोडा. त्या चिप मुळात पॉवरव्हीआरच्या. कर्नलमधला जीएमए५०० ड्रायव्हर फक्त पडदा दाखवतो, डिकोडिंग करत नाही. शिवाय डेबियन १३ मध्ये ३२ बिटसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत.

ड्रायव्हर बसवणे: इंटेल

इंटेलसाठी व्हीए-एपीआयचे दोन ड्रायव्हर आहेत. आयएचडी नावाचा नवा ड्रायव्हर ब्रॉडवेल आणि त्यापुढच्या चिपसाठी. त्याच्या आधीच्या सगळ्यांसाठी जुना आय९६५. जुन्याची शेवटची आवृत्ती २.४.१ ही २०२० सालची. त्यानंतर इंटेलने नवी काढलेली नाही. म्हणजे आज जे चालतंय ते वितरणांच्या डागडुजीवर चालतंय, आणि म्हणूनच तो जपून ठेवायचा.

इथे नवखा हमखास गोंधळतो. मेसामध्येही (लिनक्सच्या खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचात) आय९६५ नावाचा एक ड्रायव्हर होता. तो ओपनजीएलचा, चित्र रंगवणारा. मेसा २२.० मध्ये, म्हणजे २०२२ साली, तो काढला गेला आणि जुन्या इंटेल चिपची ती जबाबदारी क्रोकसकडे गेली. व्हीए-एपीआयच्या आय९६५ शी त्याचा काही संबंध नाही. ‘आय९६५ काढून टाकला’ असं कुठे वाचलंत, तर कोणता ते आधी तपासा.

बसवायचं असं:

१. ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल आय९६५-व्हीए-ड्रायव्हर व्हीएइन्फो इंटेल-जीपीयू-टूल्स’.
२. ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल आय९६५-व्हीए-ड्रायव्हर’. ही पायरी कुणी करत नाही, पण करा. बहुतेक वेळा हा ड्रायव्हर ‘व्हीए-ड्रायव्हर-ऑल’ या गठ्ठ्याच्या मागून आपोआप आलेला असतो. पुढे गठ्ठ्याची यादी बदलली, की ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ त्याला केरासोबत बाहेर काढतं.
३. ‘व्हीएइन्फो’ चालवा.

व्हीएइन्फो जे छापतं ते नीट वाचायला शिका. निम्मं निदान तिथेच होतं. सँडी ब्रिजवर दोन्ही ड्रायव्हर असतील तर लिबव्हीए (व्हीए-एपीआयची लायब्ररी) आधी आयएचडी उघडून बघते, तो ‘इनिट फेल्ड’ म्हणतो, मग ती आय९६५ उघडते. ती पहिली चूक दिसली म्हणून घाबरू नका. शेवटी ‘ड्रायव्हर व्हर्जन’च्या ओळीत आय९६५ दिसतंय का आणि खाली प्रोफाइलची यादी आली का, एवढंच महत्त्वाचं. यादीत एच२६४हाय या प्रोफाइलसमोर व्हीएलडी असेल तर ते डिकोडिंग. एन्कस्लाइस असेल तर एन्कोडिंग. व्हीएलडी नसेल, तर त्या कोडेकसाठी पुढचं वाचायची गरजच नाही.

यादी आलीच नाही, तर या क्रमाने बघा. ‘/डेव्ह/डीआरआय’ मध्ये ‘रेंडरडी१२८’ (यातला डी मोठा) ही फाइल आहे का? नसेल तर कर्नलचाच ड्रायव्हर उठलेला नाही, आणि बहुतेक वेळा कारण ग्रबमध्ये (मशिन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) राहून गेलेलं ‘नोमोडसेट’ असतं. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडला म्हणून कुणीतरी ते घातलेलं असतं आणि नंतर विसरून जातं. ‘/इटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ मधून ते काढा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ करा, मशिन पुन्हा चालू करा. फाइल आहे पण ‘परमिशन डिनाइड’ येतंय, तर वापरकर्त्याला रेंडर आणि व्हिडिओ या दोन्ही गटांत घाला आणि लॉगआउट होऊन परत या. दूरून एसएसएचने तपासत असाल तर डिस्प्ले सापडत नाही म्हणून व्हीएइन्फो अडतं; तिथे ‘--डिस्प्ले डीआरएम’ जोडा.

ड्रायव्हर सक्तीने निवडायचा असेल, तर लिबव्हीए_ड्रायव्हर_नेम या चलाची किंमत आय९६५ ठेवा. चलाचं नाव सगळं मोठ्या रोमन अक्षरांत, मधे अंडरस्कोर. ते बॅशआरसीमध्ये लिहिलं तर टर्मिनलमधून चालेल, पण डेस्कटॉपवरच्या आयकॉनला कळणार नाही. म्हणून ‘/इटीसी/एन्व्हायर्नमेंट’ मध्ये, ‘एक्सपोर्ट’ हा शब्द न लावता लिहा. आणि पुढे ती डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावलीत तर ही ओळ आधी पुसा, नाहीतर नव्या चिपवर आय९६५ शोधत बसेल.

एएमडी आणि एनव्हिडिया

रेडिऑनमधल्या डिकोडिंगच्या भागाला यूव्हीडी म्हणतात. लिनक्सच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये त्याला आधार मिळाला तो २०१३ मध्ये, कर्नल ३.१० पासून. इथे ड्रायव्हरपेक्षा फर्मवेअरच जास्त वेळा आडवं येतं. डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज लागतं आणि डेबियन १२ पासून ते ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या विभागात आहे. जुन्या डेबियनवरून वर चढलेल्या मशिनच्या सोर्सेसच्या यादीत हा विभाग नसतो, त्यामुळे फर्मवेअरचे अपडेट थांबतात. बसवल्यावर ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ जरूर करा; त्याने मशिन सुरू होताना आधी उघडणारी छोटी प्रतिमा नव्याने बनते. रेडिऑनचा मॉड्युल सुरुवातीच्याच टप्प्यात, मूळ डिस्क जोडण्याआधी उठू शकतो. त्या वेळी फर्मवेअर त्या छोट्या प्रतिमेत नसेल, तर डिस्कवर असूनही उपयोग नाही. मग ‘सुडो डीएमईएसजी’ या कर्नलच्या नोंदींमध्ये ‘यूव्हीडी इनिशियलाइज्ड सक्सेसफुली’ ही ओळ शोधा. ई-३५० सारख्या छोट्या एएमडी मशिनला ‘सुमो_यूव्हीडी’ नावाची फाइल लागते. डीएमईएसजीमध्ये तीच सापडत नाही अशी तक्रार दिसली, तर वरची पायरी चुकली आहे.

व्हीए-एपीआयसाठी ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स’ बसवा. जुन्या सूचनांमध्ये रेडिऑनसाठी व्हीडीपाऊ सांगितलेलं सापडेल. पण मेसाने तो भाग २०२५ मध्ये काढून टाकला. त्यासाठी जुना मेसा धरून ठेवू नका. मेसा एलएलव्हीएम, लिबडीआरएम आणि डेस्कटॉप यांच्याशी इतका गुंतलेला आहे, की त्याला खिळा मारला की थोड्याच दिवसांत अर्धी अपडेट अडकतात. प्लेअरच व्हीए-एपीआयवर वळवा; आर६०० आणि रेडिऑनएसआय या रेडिऑनच्या दोन्ही मेसा ड्रायव्हरांसाठी तो रस्ता उघडा आहे.

फेडोरावाल्यांनी एक लक्षात ठेवावं: फेडोरा ३७ पासून मूळ मेसात एच.२६४ बंद आहे. आरपीएम फ्युजन या बाहेरच्या पॅकेज-भांडारातून ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड’ घ्यावं लागतं, आणि जुन्या इंटेलसाठी तिथूनच ‘लिबव्हीए-इंटेल-ड्रायव्हर’.

एनव्हिडियाचं गणित वेगळं. व्हीडीपाऊ त्यांनीच २००८ मध्ये आणलं. जीफोर्स ८, ९, २०० आणि ३०० मालिकांसाठी ३४० चा बंद ड्रायव्हर, शेवटची आवृत्ती ३४०.१०८, डिसेंबर २०१९. ४०० आणि ५०० मालिकांतल्या फर्मी कार्डांसाठी ३९० चा, शेवटची ३९०.१५७, २०२२. त्यानंतरच्या कर्नलांवर हे ड्रायव्हर बाहेरच्या पॅचशिवाय बांधले जात नाहीत: कर्नल अपडेट होतो, डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) मॉड्युल बांधताना अडतं, मशिन काळ्या पडद्यावर उठतं. नेटला जोडलेल्या मशिनवर हे ड्रायव्हर ठेवूच नयेत असं आमचं मत आहे, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही तिथेच थांबल्या.

नूव्हो हा खुला ड्रायव्हर त्यापेक्षा बरा. त्याला डिकोडिंग येतं, पण फर्मवेअर वाटायची परवानगी नसल्याने वितरणात ते मिळत नाही. एनव्हिडियाचा ३२५.१५ चा ड्रायव्हर उतरवून, नूव्होच्या लोकांनी लिहिलेल्या पायथन स्क्रिप्टने त्यातून तुकडे काढून ‘/लिब/फर्मवेअर/नूव्हो’ मध्ये ठेवावे लागतात. एवढं करूनही एच.२६४ मध्ये अधूनमधून चौकोन दिसू शकतात. अशा कार्डाखाली सँडी ब्रिज किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल आणि मदरबोर्डला डिस्प्लेचं तोंड असेल, तर कार्ड काढून ठेवा आणि इंटेल वापरा. वीजही वाचेल.

खरंच चालतंय का

प्लेअर हार्डवेअर मिळालं नाही तर काही न बोलता प्रोसेसरवर सरकतो. म्हणून चित्र दिसलं म्हणजे झालं असं समजू नका. चाचणीची क्लिप स्वतः बनवा. एफएफएमपेगमधल्या ‘टेस्टएसआरसी’ या चाचणी-स्रोतातून १९२०×१०८० ची ३० सेकंदांची एच.२६४ फाइल निघते. त्यात ‘-पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी’ घालायला विसरू नका. टेस्टएसआरसी आरजीबी देतो आणि एक्स२६४ त्यावरून ४:४:४ प्रकार निवडतो. तो तुमच्या कुठल्याच जुन्या चिपला उलगडत नाही, आणि तुम्ही चांगल्या ड्रायव्हरला दोष देत बसता. १० बिट एच.२६४ चंही तसंच. जुन्या ॲनिमेच्या फाइल बऱ्याचदा त्या प्रकारच्या असतात.

मग एमपीव्ही हा प्लेअर टर्मिनलमधून चालवा: ‘एमपीव्ही --एचडब्ल्यूडेक=व्हीएएपीआय’ आणि फाइलचं नाव. ‘युझिंग हार्डवेअर डिकोडिंग’ अशी ओळ आली पाहिजे. दुसऱ्या खिडकीत ‘सुडो इंटेल_जीपीयू_टॉप’ लावा आणि व्हिडिओ असं लिहिलेली पट्टी बघा. क्लिप चालू असताना ती हलत असेल तर काम फत्ते. शून्यावर असेल आणि फक्त रेंडरची पट्टी हलत असेल, तर चिप फक्त चित्र रंगवते आहे. तुटलेली कडी आणखी नेमकी हवी असेल तर एमपीव्हीला ‘-व्ही’ जोडा. कुठल्या ड्रायव्हरवर अडलं ते तो सांगतो.

चालू असतानाच गाठोडं बांधा

सगळं चालतंय त्या दिवशीच हे करा. बंद पडल्यावर जुनं पॅकेज शोधणं जास्त कष्टाचं.

एक रिकामं फोल्डर करा, त्यात जा आणि ‘ॲप्ट डाउनलोड’ ने आय९६५-व्हीए-ड्रायव्हर, लिबव्हीए२, लिबव्हीए-डीआरएम२, लिबव्हीए-एक्स११-२, लिबडीआरएम-इंटेल१ ही पॅकेज उतरवा. रेडिऑनवर असाल तर फर्मवेअरचं पॅकेजही. वितरणातून गायब झालेलं पण अजून बसलेलं पॅकेज ‘डीपीकेजी-रीपॅक’ ने परत बांधून घेता येतं. सोबत आय९६५ चा सोर्स, चाचणीची क्लिप, आणि आज चालणाऱ्या व्हीएइन्फोचं आउटपुट एका मजकूर-फाइलमध्ये. शेवटी ‘एसएचए२५६सम’ ने सगळ्यांचे ठसे काढून ठेवा. सगळं मिळून एका साध्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतं. दोन पेनड्राइव्हवर ठेवा, कारण स्वस्त पेनड्राइव्ह ड्रायव्हरच्या आधी मरतात. डेबियनवाल्यांना आणखी एक आधार आहे: स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग वर जुनी पॅकेज तारखेनुसार मिळतात.

मग ‘सुडो ॲप्ट-मार्क होल्ड आय९६५-व्हीए-ड्रायव्हर’. होल्ड म्हणजे पॅकेज आहे त्या आवृत्तीवर धरून ठेवणं; ते फक्त याच पॅकेजवर. लिबव्हीए२ ला होल्ड लावू नका. लिबव्हीए आपल्या आवृत्तीपासून मागे मागे जात ड्रायव्हरमधलं सुरुवातीचं फंक्शन शोधते, त्यामुळे जुना ड्रायव्हर नव्या लिबव्हीएवर चालतो. उलटं चालत नाही: नव्या लिबव्हीएवर बांधलेला ड्रायव्हर जुनी लिबव्हीए ओळखत नाही. उबुंटूची आवृत्ती वर नेताना शेवटी ‘कालबाह्य पॅकेज काढू का’ असं विचारलं जातं. तिथे नाही म्हणा आणि यादी नीट वाचा.

नव्या वितरणात ड्रायव्हर नसेलच, तर आधी गाठोड्यातलं डेब पॅकेज ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./’ आणि फाइलचं नाव असं बसवून बघा. अवलंबित्वावर अडलं तर सोर्समधून बांधा: बिल्ड-एसेन्शियल, मेसन, निंजा-बिल्ड, पीकेजी-कॉन्फिग, लिबव्हीए-डेव्ह, लिबडीआरएम-डेव्ह आणि लिबएक्स११-डेव्ह घ्या, ‘मेसन सेटअप बिल्ड’, मग ‘निंजा -सी बिल्ड’ (इथला सी मोठा). कंपायलर जुन्या सी कोडवर रुसला तर नवल नाही: जीसीसी १४ पासून न जाहीर केलेलं फंक्शन वापरणं ही थेट चूक धरली जाते, आणि जीसीसी १५ चं मूळ मानक सी२३ आहे. सेटअप करताना ‘-डीसी_एसटीडी=जीएनयू१७’ (पहिला डी मोठा) देऊन बघा. तयार झालेली ‘आय९६५_डीआरव्ही_व्हिडिओ’ ही ‘.एसओ’ फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकू नका, तिथे पुढचं अपडेट ती पुसेल. ‘/ऑप्ट’ खाली स्वतंत्र फोल्डर करा आणि लिबव्हीए_ड्रायव्हर्स_पाथ या चलात (नाव मोठ्या रोमन अक्षरांत) तो रस्ता द्या.

ब्राउझर आणि कॅमेरे

फायरफॉक्समध्ये इंटेलसाठी हे डिकोडिंग ११५ व्या आवृत्तीपासून (२०२३) आपोआप चालू असतं. तरी यूट्यूबवर प्रोसेसर तापतो, कारण यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं. ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेंशन टाकलं की साइट एच.२६४ वर येते. त्यात १०८०पी पर्यंतच मिळतं, आणि या मशिनला तेवढंच हवं. ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडून कोडेकसमोर एव्हीसी१ लिहिलंय का बघा. फायरफॉक्स स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून घेतला असेल, तर तो सिस्टिममधला नाही, त्या डब्यातला ड्रायव्हर बघतो. व्हीएइन्फो ठीक आणि ब्राउझर ठप्प असेल तर डेब पॅकेजचा फायरफॉक्स बसवून फरक पडतो का ते पाहा. क्रोमियमचं जुन्या चिपशी फारसं पटत नाही. त्याच्यामागे वेळ घालवू नका.

कॅमेऱ्यांचं बघताना आधी एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) सेटिंगमध्ये जा. मुख्य स्ट्रीम बहुधा एच.२६५ असते आणि ती आयव्ही ब्रिजवर कधीच हार्डवेअरने उलगडणार नाही. मुख्य स्ट्रीम एच.२६४ केली तर एनव्हीआरची डिस्क लवकर भरते आणि मागचं रेकॉर्डिंग कमी दिवसांचं राहतं. म्हणून मुख्य स्ट्रीम रेकॉर्डिंगसाठी आहे तशीच ठेवा, सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याची हलकी, दुय्यम स्ट्रीम) एच.२६४ करा, ‘प्लस’ किंवा ‘स्मार्ट’ कोडेक बंद करा, आणि मशिनवरच्या एमपीव्हीला सबस्ट्रीमचाच आरटीएसपी पत्ता द्या. चार-सहा कॅमेरे एकत्र लावताना एकेक वाढवत जा आणि दर वेळी इंटेल_जीपीयू_टॉपमधली व्हिडिओची पट्टी बघा. ती शंभराजवळ टेकली की पुढचा कॅमेरा त्या मशिनवर लावू नका.